आईच्या अकरा वह्या

अर्धविराम | रविवार, रात्री १०:५०

आईला जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून लिहायचं म्हणतेय आणि दर वेळी चार ओळींवर अडतेय. भेटायला आलेली माणसं जे बोलून गेली तेच डोक्यात घुमत राहतं. "केवढी सेवा केली माउलीने." "आजच्या काळात असं कोण करतं?" "देवमाणूस होत्या." सगळे मनापासून बोलत होते, मला कुणाचाच राग नाही. पण ऐकताना वाटायचं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. माझी आई शाळेत गणित शिकवायची. बाबांचा पार्किन्सन्स (कंपवात) तिने १७ वर्षं सांभाळला, तो जीव लावून सांभाळलाच, पण डोकं लावूनही सांभाळला. त्या डोक्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात सहीपासून झाली. बाबा तेव्हा ५४ वर्षांचे, आई ४९ ची. सही जुळत नाही म्हणून बँकेतून एक चेक परत आला. बाबा म्हणाले, घाईत केली असेल. आई काही बोलली नाही. संध्याकाळी तिने कपाटातून माझी आणि भावाची जुनी प्रगतिपुस्तकं काढली. प्रत्येक सहामाहीला पालकांची सही, म्हणजे वर्षानुवर्षांच्या सह्या ओळीने हाताशी. तिने त्या जमिनीवर मांडल्या आणि पट्टी घेऊन मोजत बसली. साडेपाच सेंटिमीटरची सही तीनवर आली होती. शेवटची अक्षरं तर मुंग्यांएवढी.

ती प्रगतिपुस्तकंच घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी ती पाहिली, बाबांना चालायला लावलं आणि मग दोनच प्रश्न विचारले. वास येतो का नीट? झोपेत हातपाय झाडतात का? दोन्हीचं उत्तर अनेक वर्षांपासून ठरलेलं होतं. बाबांना गॅसचा वासही येत नसे, आणि झोपेत ते इतक्या जोरात लाथ मारायचे की आई भिंतीच्या बाजूला झोपायची बंद झाली होती. हात कापायला लागण्याच्या कितीतरी आधी या खुणा दिसू शकतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

एक गोष्ट तिने मला फार उशिरा सांगितली. निदान व्हायच्या आधीची दोन वर्षं तिला वाटत होतं की बाबा तिच्यावर नाराज आहेत. ती काही सांगायला गेली की चेहरा ढिम्म. हसणं नाही, कपाळाला आठी नाही. आपलं काय चुकलं याचा ती मनातल्या मनात हिशेब मांडत राहिली. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायूसुद्धा आखडतात, माणूस आतून हसत असतो आणि बाहेर काही उमटत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती तिथेच रडली. डॉक्टरांना वाटलं आजाराच्या धक्क्याने. ती म्हणाली, "मला सुटल्यासारखं झालं गं."

मग वह्या. शाळेत असतात तशा लांब, दोनशे पानी. एकूण अकरा. डावीकडे वेळ, मग गोळी, मग "चाल" नावाचा रकाना आणि त्यात शून्य ते पाच गुण. पाच म्हणजे स्वतः उठून चालले, शून्य म्हणजे खुर्चीतून हलताच येईना. दर तासाला एक नोंद. तीन आठवड्यांनी तिने आलेख कागद आणून त्यावर हे उतरवलं. सकाळच्या गोळीनंतर रेघ सरळ वर चढत होती. दुपारच्या गोळीनंतर चढतच नव्हती, कधी कधी दीड तासाने कशीबशी उठायची. गोळी तीच, मात्रा तीच. फरक एवढाच की दुपारची गोळी जेवणावर होती.

तिने तो आलेख डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी समजावून सांगितलं की बाबांच्या गोळीतलं औषध, लेव्होडोपा, आणि जेवणातली प्रथिनं शरीरात एकाच वाटेने जातात, आतड्यातही आणि पुढे मेंदूत शिरतानाही, आणि गर्दी झाली की औषध मागे राहतं. तेव्हापासून गोळी जेवणाआधी अर्धा तास आणि प्रथिनांचा मोठा भाग रात्रीकडे. बाबांची दुपार परत आली. एका आलेखाने! मी तेव्हा दुसऱ्या शहरात नोकरीला होते. फोनवर तिचा आवाज ऐकून वाटलं, वर्गातल्या सगळ्यात कच्च्या पोराला गणित सुटलंय.

आणि पाढे. आजार वाढल्यावर बाबांचे पाय दारात चिकटायला लागले. खोलीतून येताना नीट येणार आणि चौकटीपाशी आले की जमिनीला खिळल्यासारखे. ओढलं तर पडणार. आईने आधी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या, एका पावलाच्या अंतराने. बाबा रेघ ओलांडायला पाय उचलायचे आणि पुढचं पाऊल आपोआप पडायचं. पण रेघा घरभर कुठे मारणार? मग ती "एक-दोन, एक-दोन" म्हणायला लागली. ते चाललं, पण बाबांना ते आवडायचं नाही, कवायत वाटायची. एक दिवस तिने सहज पाढा सुरू केला. बे एके बे, बे दुणे चार. बाबांनी बे त्रिक सहाला पाऊल उचललं आणि पुढचा पाढा स्वतः म्हणत, अगदी बारीक आवाजात, खिडकीपर्यंत गेले.

त्यानंतर आमच्या घरात चालणं पाढ्यांत मोजलं जायचं. "आज बारापर्यंत गेलो." "आज सातावरच बसलो." वहीत चालच्या रकान्यात गुणांच्या शेजारी पाढा यायला लागला. दहाव्या वहीत फक्त दोनाचा आहे. अकराव्या वहीत तो रकाना आखलेला आहे आणि रिकामा आहे.

एक वाईट प्रसंगही लिहिते, कारण तो इतरांच्या उपयोगाचा आहे. बाबांना एकदा उलट्यांसाठी दवाखान्यात दाखल केलं होतं. तिथे उलटी थांबायला मेटोक्लोप्रमाइड दिलं गेलं. हे औषध मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतं, आणि या आजारात तेच रसायन आधीच कमी पडत असतं, म्हणून पार्किन्सन्सच्या माणसाला ते द्यायचं नसतं. शिवाय बाबांच्या गोळ्या वॉर्डाच्या वेळापत्रकाने मिळत होत्या, त्यांच्या नाही. सकाळपर्यंत बाबा लाकडासारखे झाले, गिळताही येईना. आई वही घेऊन एकेकापुढे उभी राहिली. "ताई, आम्हाला आमचं काम करू द्या," असं तिला दोनदा ऐकावं लागलं. तिसऱ्याने, एका अगदी तरुण डॉक्टर मुलाने, वही हातात घेतली, उभ्याउभ्या चार पानं वाचली आणि औषध बदललं. घरी आल्यावर आईने जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "पार्किन्सन्स. गोळ्या ठरलेल्या मिनिटाला. मेटोक्लोप्रमाइड नको. हॅलोपेरिडॉल नको." तो पुठ्ठा पुढची सहा वर्षं फाइलच्या पहिल्या पानाआधी होता.

तुमच्याही घरात असं कुणी होतं किंवा आहे का? लिहा. त्याग, समर्पण हे शब्द थोडे बाजूला ठेवू. ती काय करायची, कसं करायची, तिला काय सुचलं, ते लिहा.


सांजवात | रविवार, रात्री ११:३२

पाढ्यांपाशी थांबले. पुढचं उद्या वाचेन. आत्ता नाही वाचवत.


वळीव | सोमवार, सकाळी ७:१०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अर्धविराम, तुमच्या आईने जे शोधलं ते आम्हाला शिकवलं जातं. आपोआप होणारी हालचाल मेंदूच्या ज्या भागातून चालते तोच भाग या आजारात दुबळा होतो. पण डोळ्यांपुढे रेघ आली किंवा कानावर ताल आला की चालणं आपोआपचं राहत नाही, ठरवून केलेलं होतं, आणि ते दुसऱ्या वाटेने जातं. म्हणून रेघ ओलांडता येते, जिनासुद्धा चढता येतो, आणि सपाट जमिनीवर पाय अडकतो. घरच्यांना हे ढोंग वाटतं. "आत्ता तर जिना चढलात!" हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलंय. तुमच्या घरात ते कुणी बोललं नाही, हेच मोठं.

पाढा "एक-दोन"पेक्षा चांगला का चालला असेल, यावर मी सकाळपासून विचार करतेय. एक-दोन दुसऱ्याने द्यायची आज्ञा आहे. पाढा त्यांचा स्वतःचा होता, लहानपणापासून जिभेवर बसलेला, त्याची लय कधी हरवत नाही. आणि तो पुढे जातो. बे पंचे दहावर कुणी थांबत नाही.

एक जुनी गोष्ट सांगते. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्यात सहा माणसांची हकीकत आहे, त्यातली काही तर त्यांनी रस्त्यातच पाहिलेली. आजाराच्या पुढच्या अवस्थेचं वर्णन करताना ते एका सोबत्याबद्दल लिहितात. हा सोबती रुग्णाच्या पुढे उलटा चालतो आणि खांद्यांना पुढून हात लावून त्याला तोंडावर पडू देत नाही. निबंध दोनशे वर्षं वाचला जातोय. तो उलटा चालणारा कोण होता, नोकर, भाऊ, मुलगा, कुणालाच ठाऊक नाही.


अर्धविराम | सोमवार, दुपारी १:२५

वळीव, तुमचा प्रतिसाद ऑफिसात वाचला आणि जागेवरून उठून बाहेर जावं लागलं. आई अशीच चालायची. उलटी. बाबांच्या खांद्यांवर दोन्ही हात, तोंड त्यांच्याकडे, पाठ दाराकडे. घरातला कुठला उंबरा कुठे आहे ते तिच्या टाचांना पाठ होतं. मला ते नेहमी दोघं नाच करतायत असं दिसायचं. हे तिला कधी सांगितलं नाही.


वळीव | सोमवार, दुपारी २:०२

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक सांगून ठेवते. उलटं चालताना सांभाळणाऱ्याचाही तोल जाऊ शकतो. आता आम्ही शेजारी, किंचित मागे उभं राहायला सांगतो. हात धरून ओढायचं तर अजिबात नाही. पाय अडकला की आधी थांबायचं, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलवायचं आणि मग पाऊल.


जुनीपेटी | सोमवार, रात्री ९:१५

माझी आई शाळा शिकलेली नव्हती. माझ्या पाठच्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. बोलणं नाही, बसणं नाही, वरून फिट्स. तो एकतीस वर्षं जगला.

वही नव्हती, पण तिचा कान होता. भाऊ दुसऱ्या खोलीत झोपलेला असताना ती मध्येच हातातलं काम टाकून उठायची आणि आम्ही बघेपर्यंत त्याला फिट सुरू झालेली असायची. मी एकदा विचारलं, तुला कळतं कसं? म्हणाली, "त्याचा श्वास पायरी चुकतो."

त्या काळी येणारा-जाणारा काहीबाही सांगायचा. तोंडात चमचा घाल, हातपाय दाबून धर. एका मोठ्या डॉक्टरांनी तिला एकदाच नीट सांगितलं होतं: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घट्ट धरायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. ते ती त्यासाठी शिकली. चाळिशीच्या उंबरठ्यावर, माझ्याकडून. मी तेव्हा तिसरीत होते. मोठा काटा एका आकड्यावरून दुसऱ्यावर गेला की पाच मिनिटं, हे तिला कळलं तेव्हा तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. तेवढं एकच तिला हवं होतं. किती वाजले ते तिने पुढेही कधी सांगितलं नाही, पण पाच मिनिटं कधी चुकली नाहीत.

भाऊ गेल्यावर त्याच्या अंगावर एकही जखम नव्हती. एकतीस वर्षं अंथरुणात. अंघोळ घालताना मी पाहिलं. टाचा लहान बाळासारख्या.


वळीव | सोमवार, रात्री ९:४०

जुनीपेटी, काकू, एकतीस वर्षांत टाचांना जखम नाही, ही गोष्ट भल्याभल्या रुग्णालयांना जमत नाही. त्या काय करायच्या, आठवतं का?


जुनीपेटी | मंगळवार, सकाळी ६:३०

पोटरीखाली उशी. टाच अधांतरी राहील अशी. बाई, ती टाच गादीला टेकूच द्यायची नाही. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, पूर्ण आडवं नाही, पाठीला गुंडाळी लावून थोडंसंच तिरकं. चादरीला सुरकुती दिसली की तिच्या जिवाची घालमेल व्हायची, पाहुण्यांपुढे बोलता बोलता उठून ताणून यायची. आम्हाला ते वेड वाटायचं.


पायवाट | मंगळवार, रात्री १०:२०

इथे बहुतेक आयांबद्दल लिहिलं जातंय. मी पुरुष आहे, वय ६९. बायकोला अल्झायमर्स, नववं वर्ष. सगळं मी करतो, दोन वर्षांपासून दुपारी एक मदतनीस बाई येतात.

मला एक सांगायचंय. मी तिला बाहेर फिरायला नेलं की लोक थांबून माझे हात धरतात. "तुमच्यासारखा नवरा मिळायला भाग्य लागतं." माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता तेव्हा हेच सगळं, याहून जास्त, माझ्या बायकोने सात वर्षं केलं. नोकरी करून केलं. त्यात त्यांना आंघोळ घालणंही आलं. तिचा हात कुणी धरला नाही. मीसुद्धा नाही. मला ते घरकामाचाच भाग वाटत होतं, पाणी भरणं असतं तसं. आता रोज सकाळी तिचे दात घासून देताना मला कळतं की प्रत्येक गोष्टीला किती वेळ लागतो. तिला हे आता सांगितलं तर समजत नाही. तरी मी सांगतो.

कसं करायची ते लिहा म्हणालात. ती वडिलांना भरवण्याआधी स्वतः त्यांच्यापेक्षा खाली बसायची, म्हणजे त्यांची हनुवटी आपोआप खाली यायची. मान वर करून घास दिला की ठसका लागतो आणि अन्न श्वासनलिकेत जातं, हे मला मागच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं. तिला कुणी सांगितलं होतं ते मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.


सांजवात | मंगळवार, रात्री १०:४८

काका, तुम्ही सांगत राहा त्यांना.


तळटीप | बुधवार, दुपारी १२:१०

धागा मनापासून वाचतेय, आणि मनापासूनच एक प्रश्न विचारतेय. कुणाचा अपमान करायचा हेतू नाही.

अर्धविराम, त्याग हा शब्द बाजूला ठेवू म्हणालीस ते पटलं. पण आपण "सेवा"च्या जागी "ज्ञान" ठेवलं की सगळं ठीक होतं का? आईने नोकरी कधी सोडली? तिला कुणी विचारलं होतं का? रात्री दर दोन तासांनी उठणारी बाई दिवसा कधी झोपायची? तिच्या स्वतःच्या तब्येतीचं काय?

मी रुग्णालयात समुपदेशनाचं काम करते. सांभाळणाऱ्या माणसावर किती भार आहे हे मोजण्यासाठी आम्ही एक प्रश्नावली वापरतो. झारिट नावाच्या संशोधकांनी १९८० मध्ये केलेली, हल्ली तिचं २२ प्रश्नांचं रूप चालतं. त्यात एक प्रश्न असा आहे की या माणसासाठी द्याव्या लागणाऱ्या वेळामुळे स्वतःला वेळ उरत नाही असं वाटतं का? किती बायका या प्रश्नावर माझ्याकडे नुसत्या बघत राहतात. "स्वतःला" म्हणजे काय, असं विचारतात.

आणि हे नुसतं मनाचं नाही. अमेरिकेतला १९९९ चा एक अभ्यास आहे, नवऱ्याला किंवा बायकोला सांभाळणाऱ्या वयस्क लोकांचा. ज्यांना त्या कामाचा ताण जाणवत होता त्यांच्यात चार वर्षांत मृत्यूचा धोका, असं सांभाळणं वाट्याला नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. आपण आईचं कौतुक करतो तेव्हा हेही बोललं पाहिजे.


जुनीपेटी | बुधवार, संध्याकाळी ५:००

बोललं पाहिजे हे खरं. पण आमच्या वेळी विचारायला होतं कोण?


अर्धविराम | रविवार, रात्री ११:५५

चार दिवस उत्तर दिलं नाही. तळटीप, तुझा राग आला म्हणून नाही. वह्या परत काढून बसले होते.

नोकरी तिने सातव्या वर्षी सोडली. आधी बिनपगारी रजा घेतली, मग राजीनामा. विचारलं नाही कुणी. तिने ठरवलं असं आम्ही म्हणत आलो. पण घरात दुसरं कुणी ठरवायला पुढेच आलं नाही, तर तिच्याकडे ठरवण्यासारखं काय होतं? मी आले नाही. भाऊ आला नाही. एकदा, फक्त एकदाच, ती मला म्हणाली होती, "मला दोन तास अशा जागी बसायचंय जिथे मला कुणी हाक मारणार नाही." मी म्हटलं, ये ना माझ्याकडे आठ दिवस. तिने दोन तास मागितले होते आणि मी तिला न जमणारे आठ दिवस दिले. एका रविवारी मी जाऊन बाबांजवळ बसले असते तर झालं असतं.

आता वह्यांबद्दल. आधीच्या वेळी मी त्या बाबांसाठी वाचल्या होत्या. या चार दिवसांत समास वाचला.

सातव्या वहीपासून समासात, पेन्सिलने, बारीक अक्षरात एक शब्द येतो: "मी". त्याच्यापुढे दोन-तीन शब्द. रोज नाही. पंधरा दिवसांनी, महिन्याने.

मी – जिना, धाप.
मी – चपला घट्ट.
मी – दोन उशा.
मी – पुन्हा धाप. वळवताना.
मी – तीन उशा.

सगळं तारीख आणि वेळेसकट. बाबांच्या नोंदी जेवढ्या काटेकोर तेवढ्याच. बाबा गेल्यावर तीन महिन्यांनी मी तिला जबरदस्तीने तपासायला नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदय बरंच थकलंय, हे काही आजचं नाही. आडवं झोपल्यावर दम लागणं, उशा वाढत जाणं, पाय सुजणं, हे किती दिवसांपासून आहे? ती म्हणाली, "लक्षात नाही." माझ्यासमोर म्हणाली. सातव्या वहीपासून, म्हणजे पाच वर्षं आधीपासून, तिला तारीखवार लक्षात होतं. बाबांच्या नोंदीत "तीन उशा" असतं तर ती दुसऱ्या दिवशी आलेख घेऊन दारात उभी राहिली असती. औषधं सुरू झाली, दोन वर्षं मिळाली. ६८ व्या वर्षी गेली.

मी दर रविवारी फोन करायचे. पहिला प्रश्न, बाबा कसे आहेत? ती वहीतून वाचल्यासारखं सगळं सांगायची. शेवटी मी विचारायचे, आणि तू? "मला काय धाड भरलीय!" आणि मी फोन ठेवायचे.

तुझा प्रश्न बरोबर होता. मला त्याचं उत्तर नको होतं म्हणून मी "ज्ञान" लिहिलं असेन. पण ते ज्ञानही खरंच होतं. दोन्ही एकाच वहीत आहे.


तळटीप | सोमवार, सकाळी ८:२०

हे लिहायला काय लागलं असेल याची कल्पना आहे. तुला फोन करू का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतेय.


पायवाट | सोमवार, सकाळी ९:०५

मी आज रक्तदाब तपासून घेतला. गेल्या वर्षभरात घेतला नव्हता. कळवावंसं वाटलं.


निळाई | सोमवार, रात्री १२:३५

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. माझा नवरा ४६ वर्षांचा आहे. मागच्या गुरुवारी निदान झालं. पार्किन्सन्स. मुलगी सातवीत आहे, तिला अजून सांगितलं नाही. तो झोपलाय आणि मी हा धागा दुसऱ्यांदा वाचतेय.

ताई, मला कुणी काही सांगत नाहीये. सगळे म्हणतात धीर धर. वहीत नेमकं काय काय लिहायचं?


अर्धविराम | मंगळवार, सकाळी ६:१५

निळाई, आधी एक. सुरुवातीची वर्षं बरीच चांगली जातात. बाबांनी निदानानंतर सहा वर्षं नोकरी केली, स्कूटर चालवली, माझ्या लग्नात रात्री दोनपर्यंत जागले. हा आजार प्रत्येकाचा वेगळ्या गतीने जातो, आणि आई म्हणायची, दुसऱ्याची वही बघून आपलं गणित सोडवायचं नाही. तेव्हा माझं वाचून पुढचं सगळं आत्ताच डोळ्यांपुढे आणू नकोस.

वही मोठी घे. सुरुवातीला दर तासाला लिहायची गरज नाही, डॉक्टरांकडे जायच्या आधीचे तीन-चार दिवस पुरतील. गोळी किती वाजता घेतली (किती वाजता घ्यायची होती ते नाही, प्रत्यक्षात घेतली ती वेळ). असर कधी जाणवला, कधी उतरला. जेवण कधी झालं. झोप, आणि झोपेत बोलणं किंवा हात झाडणं. बद्धकोष्ठता होते का, हे लाज न बाळगता लिही, आईच्या सगळ्यात जास्त नोंदी त्याच्याच आहेत. उभं राहिल्यावर चक्कर येते का. नवीन गोळी सुरू झाली की त्या पानाचा कोपरा दुमड. मन उदास आहे का, तेही लिही, ते या आजाराचाच भाग असतं आणि त्यावर उपचार आहेत. गोळी आपल्या मनाने कमी-जास्त किंवा एकदम बंद कधीच करायची नाही. आणि त्याला व्यायाम आत्तापासून करू दे. वळीव सांगतीलच.

शक्य असेल तर वही त्यालाच लिहू दे. तो ४६ चा आहे, त्याचा हात चालतोय. मोठ्या अक्षरात, रेघा असलेल्या पानावर. बाबांना आईने कधी लिहू दिली नाही, तिचं अक्षर सुंदर होतं ना. ते एक मला तेव्हाही पटलं नव्हतं.

आणि शेवटचा रकाना तुझा. समासात नाही, पेन्सिलने नाही. बाकीच्या रकान्यांएवढाच रुंद, पट्टीने आखलेला.


वळीव | मंगळवार, सकाळी ७:४०

निळाई, रोजचं भरभर चालणं, मोठी पावलं, हात हलवत. आणि मोठ्याने वाचन, आवाज बसायच्या आधीपासूनच. मुलीला सांगितलंत की तिला ऐकणाऱ्याचं काम देता येईल. सविस्तर व्यनि करते.


निळाई | बुधवार, रात्री ११:१०

वही आणली. रकाने आखले, पाच त्याचे आणि एक माझा, सारखे. पहिल्या पानावर त्याने स्वतः तारीख घातली. मुलीला आज सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, बाबा, मी तुमची सही मोजू का?

माझ्या रकान्यात काय लिहू ते मात्र सुचत नाहीये.


अर्धविराम | बुधवार, रात्री ११:१८

किती वाजता झोपलीस ते लिही. आज तेवढंच.


निळाई | बुधवार, रात्री ११:२१

लिहिलं. ११:३०. जाते.